सगळ्यांची एकच करवंटी

नयनाच्या बाबांचा, म्हणजे विजयकुमार काकांचा, माझ्यावर एकच आक्षेप होता. मला डिग्री नाही.

बाकी सगळं ठीक. पत्रिका ठीक, उंची ठीक, आईवडील सज्जन. पण मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. जावा माझं मी शिकलो, आधी पुस्तकांवरून आणि मग सायबर कॅफेत बसून. एक सरकारी कॉम्प्युटर परीक्षा बाहेरून दिली, तिच्यावर जपानचा व्हिसा मिळाला. आता टोकियोतल्या तोयोसुला एका इन्शुरन्सच्या प्रोजेक्टवर आहे आणि माझं काम चांगलं आहे. उगाच लाजून काय सांगू?

नयना आमच्याच ऑफिसात ट्रान्सलेटर. काका बँकेच्या पोस्टिंगवर टोकियोत, आणि त्यांची मुंबईला बदली झालेली. महिन्याभरात निघणार. निघायच्या आधी नयनाचं ठरवायचं होतं. एक कॅलिफोर्नियातलं स्थळ होतं, आयआयटीवालं. आणि दुसरा मी.

"रविवारी बाबांना घेऊन म्युझियमला जाऊ," नयना म्हणाली. "सामोआचा कार्यक्रम आहे. तिथली माणसं येऊन कापड बनवून दाखवणारेत. घरी समोरासमोर बसलात की तुमचा इंटरव्ह्यू होतो."

"होऊ दे की. मी इंटरव्ह्यूत पास होतो."

"ऋषी, हुशारी दाखवू नकोस. प्लीज."

मी काय केलं, तर ऑफिसच्या इंटरनेटवर सामोआबद्दल सापडेल ते सगळं वाचून काढलं. सवय आहे. कुठेही जायचं असेल तर मी आधी वाचतो.

तर रविवार. दोन हजार एकचा ऑक्टोबर. ट्रेन बदलत तासाभराने पोचलो. काका टाय लावून आले होते. म्युझियमला टाय!

"तुझे गुरू कोण रे?" ट्रेनमध्येच त्यांनी सुरू केलं.

"गुरू असा नाही काका. हेल्प फाइल."

"ती काय चुकलं की कान पिळते?"

"प्रोग्राम चालत नाही ना मग."

"आणि चुकीचा असून चालला तर? मला मोरेश्वर सरांनी बँकिंग शिकवलं. व्हाउचर तोंडावर फेकायचे. आपलं आपण शिकलेल्या माणसाला चूक दाखवणारं कोणी नसतं. तो चुकत राहतो, आणि वर ऐटीत चुकतो."

नयनाने माझ्या बुटावर पाय दिला. खरं सांगायचं तर मुद्दा बरोबर होता, म्हणूनच राग आला.

म्युझियम छोटंसं होतं. मालिया नावाच्या सामोअन बाई जमिनीवर बसून झाडाची साल शिंपल्याने खरवडत होत्या. ओली, पांढरी, पट्टीसारखी साल. मग लाकडी दांडक्याने बडवायची, की ती पसरत पसरत रुंद होते आणि तिचं कापड होतं. नाव सिआपो. नाकागावा-सान नावाच्या गाईड बाई म्हणाल्या, याच जातीच्या झाडापासून जपानमध्ये कागद करतात. नयना आम्हाला मराठीतून सांगत होती.

काकांनी कोट काढला, दांडकं घेतलं आणि धोबीघाटावर असल्यासारखे सुटले. मालियाबाईंनी हसत त्यांचा हात धरला आणि हळू मारून दाखवलं. पण तोवर सालीला भोक पडलेलं. त्यांनी दुसरा तुकडा घेतला, कंदाचा चीक लावला आणि भोकावर चिकटवला. झालं.

"खळच की ही," काका खूश होऊन म्हणाले. "आणि ठिगळ लावलेलं चालतं यांना."

भिंतीवर एक चटई होती. इतकी मऊ विणलेली की लांबून रेशमी वाटावी. तिच्यावर कोणी बसत नाही, लग्नात नाहीतर मयताला द्यायची असते, असं नाकागावा-सान म्हणाल्या. काका तिच्यासमोर बराच वेळ हात मागे बांधून उभे होते. मला तेव्हा ते आवडले. लगेच कबूल केलं नसतं, पण आवडले.

मग आवा. एका झाडाच्या मुळाची पूड पाण्यात कालवून केलेलं पेय. पाहुण्यांचं स्वागत त्यानेच करतात. मालियाबाईंचे यजमान त्यांच्या गावचे प्रमुख होते. धिप्पाड, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदलेले. ते मोठ्या लाकडी भांड्याच्या मागे मांडी घालून बसले. आम्ही आठ-दहा जण चटयांवर गोल करून बसलो. जपानी लोक मांडीला कुरकुरत होते आणि काका आरामात. टाय लावलेले तेच एकटे, म्हणून पहिला मान त्यांचा.

नाकागावा-सान म्हणाल्या, करवंटी दोन्ही हातांनी घ्यायची, थोडे थेंब खाली सांडायचे, 'मानुइया', म्हणजे कल्याण असो, म्हणायचं आणि प्यायचं. सगळ्यांना एकच करवंटी.

"आपली चित्राहुतीच," काका मला म्हणाले. एकदम घरी आल्यासारखे.

थेंब छान सांडले. मानुइया खणखणीत म्हणाले. आणि मग त्यांनी मान मागे टाकली, करवंटी हातभर वर धरली आणि वरून धार सोडली.

उष्टं करायचं नाही ना! सगळ्यांची करवंटी, मग तोंड कसं लावणार? आमच्याकडे तांब्याला कोणी तोंड लावत नाही. पण तांब्याला काठ असतो हो. करवंटीची धार कशीही येते. थोडं तोंडात, थोडं नाकात, बाकीचं टायवर. काकांनी ठसका दाबला आणि गंभीर चेहऱ्याने करवंटी परत दिली.

कोणी हसलं नाही. प्रमुखांनी मान लववली. काकांच्या शेजारी एक जपानी आजोबा होते. ते मघापासून काकांचं बारकाईने निरीक्षण करत होते. त्यांनी करवंटी घेतली, थेंब सांडले, मानुइया म्हणाले आणि मान मागे टाकून वरून ओतलं. चष्म्यावर. त्यांच्या पुढचे गृहस्थही तसेच. त्यांच्या बायकोने आधी रुमाल पसरला मांडीवर, आणि मग वरून.

मालियाबाईंनी तोंडावर हात धरला होता. प्रमुखांची मिशी हलत होती. पण पाहुण्यांना कसं सांगणार? नाकागावा-सान तर लाल झाल्या होत्या.

नयनाने करवंटी घेतली, माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि वरून. केसांत गेलं.

पुढचा मी.

मला माहीत होतं कसं पितात. फोटो बघितले होते. मी तोंड लावलं तर चारचौघांसमोर काका चुकले हे उघड होणार, तेही मुलीच्या लग्नाचं ठरवायला आलेल्या दिवशी. वरून ओतलं तर काका खूश. शर्टचं काय, धुतला की झालं.

पण मला येतं ते येत नाही असं दाखवणं जमत नाही. थेंब सांडले, मानुइया म्हटलं, तोंड लावलं आणि एका दमात प्यायलो.

माझ्या पुढच्या बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. आता कोणाचं खरं?

"काय रे," काका गोलाच्या त्या टोकाहून मराठीत म्हणाले, "तोंड लावायचं असतं?"

"हो काका."

"नक्की?"

"नक्की."

"मग मघाशी का नाही बोललास?"

"तुम्ही पहिले होतात. मी बोलेपर्यंत टायवर होतं."

नयनाने डोळे मिटून घेतले. काकांनी टायकडे बघितलं. शेजारच्या आजोबांच्या चष्म्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नयना, विचार त्यांना. मला परत एकदा मिळेल का? नीट पितो."

नयनाने विचारलं. प्रमुख मोठ्याने हसले, सगळं अंग हलवून, आणि मग सगळेच हसले. ते आजोबाही, चष्मा पुसत.

"बाबा, धुवून मागू का?" नयना हळूच म्हणाली. "ऋषीने तोंड लावलंय त्याला."

"बघितलं मी," काका म्हणाले. "असू दे."

करवंटी भरून आली. काकांनी थेंब सांडले, मानुइया म्हटलं. काठावर क्षणभर थांबले. मग ओठ टेकले आणि शेवटपर्यंत प्यायले.

"शी! चिखल आहे नुसता," तोंड पुसत ते म्हणाले. "नयना, संध्याकाळी तुझ्या आईला मुंबईला फोन लावू. आणि कॅलिफोर्नियावाल्यांना नको म्हणून मी कळवतो."

नयना रडायला लागली, आणि सामोअन मंडळींना वाटलं तिला ठसका लागला. मालियाबाईंनी तिला पाणी दिलं.

मला काकांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण आव्याने जीभ बधिर होते असं वाचलं होतं, ते खरंच निघालं. मी नुसती मान हलवली. बधिर झाली म्हणूनच गप्प बसलो, असं मी सगळ्यांना सांगतो.