फळ्यावरचा कोयता

"बाई, पोरीला कोयता शिकवायला साळंत घातलीय का मी?"

रंगनाथ परवानगी न विचारता सातवीच्या वर्गात घुसला होता. मागे हेडमास्तर सूर्यभान गुरुजी. शाळेत कुणी आवाज चढवला की गुरुजी चढलेल्या आवाजाच्या बाजूने उभे राहत, तसेच आजही राहिले.

यशोधराबाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. फळ्यावर कोयत्याचं चित्र होतं, लपवायला जागाच नव्हती.

त्याचं असं झालं होतं. पाथर्डी तालुक्यातली शाळा. दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. रंगनाथची रेश्मा आजीजवळ राहायची म्हणून शाळा तरी टिकली होती. पण आधीच्या मास्तरांनी 'दगड' म्हणून म्हणून तिची दातखीळच बसवली होती. अर्धा आणि अर्धा किती, असं बाईंनी विचारलं तेव्हा ती कशीबशी म्हणाली, "दोन." वर्ग खो खो हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "दोन कसे गं?"

"तोडीला नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात. एकटं मानूस अर्धा कोयता. दोन अर्धे म्हंजी दोन मानसं."

"आणि त्या दोन माणसांचा कोयता किती?"

"एक," असं म्हणताना तिचा चेहरा जो उजळला, तो बघून बाईंना नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. तेव्हापासून बाई अपूर्णांक फळ्यावर कोयते काढूनच शिकवू लागल्या, आणि अडलं की पोरं रेश्माला विचारू लागली. आणि पोरंच ती, तिला 'अर्धा कोयता' म्हणू लागली. बाईंनी ते ऐकलं होतं. चेष्टा आहे, विरेल, म्हणून सोडून दिलं होतं.

"पारावर पोरं माझ्या पोरीला अर्धा कोयता म्हनत्यात! आमच्या हातातला सुटंना, तुमी तिच्या कपाळी मारता व्हय? त्यापरीस औंदा उसाच्या फडावर नेतो तिला."

"पुस्तकातलं शिकवा म्हणून मी बजावलं होतं," गुरुजींनी तेवढ्यात हात झटकले.

बाई चिडल्या. "तिला आता गणित येतं, ते नाही दिसत तुम्हाला? आणि कोयता मला नवा नाही. माझी आई जायची तोडीला."

"मंग तर तुमाला कळाया पायजे हुतं."

बाईंची नजर फळ्यावरच्या कोयत्याकडे गेली. खरंच कळायला हवं होतं.

"चल गं, दप्तर उचल."

रेश्मा उठली, पण दप्तर न घेता. "आप्पा, मला न्हाई यायचं. मला गनित येतंय." मग बाईंकडे वळून म्हणाली, "पन बाई, कोयता नका काढू. नुसते आकडे द्या."

बाईंनी फळा पुसला. तीन चतुर्थांश अधिक दोन पंचमांश, असं लिहून त्या बाजूला झाल्या. रेश्माने खाली वीस धरले, वरचे आकडे बदलले, बेरीज केली. तेवीस विसांश, या उत्तराखाली रेघ ओढली.

रंगनाथने फळ्याकडे पाहिलं. मग बाईंना ओलांडून त्याने गुरुजींना विचारलं, "बरूबर हाय का?"

गुरुजी चष्मा पुसू लागले.

"बरूबर हाय," रेश्मा म्हणाली. तिने गुरुजींकडे पाहिलं नाही, बाईंकडेही नाही.