वहीत नसलेले आकडे

पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर ठेवा, हात टेबलावर सैल सोडा आणि पाच मिनिटं तोंड बंद. एवढं केलंत तर मी खरं बोलतो. मी रक्तदाबमापक. घरात मला सगळे 'बीपीचं मशीन' म्हणतात, तेही चालतं.

कारखान्यात माझी कसून परीक्षा झाली. पट्ट्यात हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. पास होऊन खोक्यात गेलो आणि औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांशेजारी दोन महिने ताटकळत बसलो. शेवटी एका सूनबाईंनी मला घरी आणलं. त्यांच्या सासऱ्यांचा दाब वाढला होता. डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी दिली होती आणि रोज सकाळी दाब मोजून वहीत लिहायला सांगितलं होतं.

सासरे, म्हणजे आमचे काका, पेशानं घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम अजून चालतं. हातात घेताच काकांनी मला पालथं घालून माझे स्क्रू शोधले, तेव्हा माझ्याच छातीत धडधडलं.

पहिल्या सकाळी मी वरचा आकडा दाखवला १६८.

"पुढे पळतंय," काकांनी निदान केलं. "नवं यंत्र आहे, रुळायला वेळ लागणार."

पुन्हा पट्टा आवळला. १६४. काकांनी खिडकी उघडली, दीर्घ श्वास घेतला. १५९. मग डोळे मिटून बसले. सातव्या खेपेला १३८ आला तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "आता लागलं बरोबर!" आणि सुवाच्य अक्षरात १३८ वहीत गेला. बाकीचे सहा जणू झालेच नाहीत.

मग रोज तेच. मला तर धाप लागायची. घरातले बाकीचेही काही कमी नव्हते. मुलगा तीन जिने चढून आला की स्वेटरवरूनच पट्टा बांधायचा. शेजारच्या मावशी चहाचा कप हातात धरून मोजायच्या, वर अखंड बोलायच्या. आकडा चांगला आला की 'मी रोज चालते ना', आणि वाईट आला की 'मशीन बिघडलंय'. गेल्या चार वर्षांत स्वतःला बिघडलेलं म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही.

महिन्यानं दवाखान्यात जायचं होतं. माझे आकडे तिथल्या यंत्राशी ताडून बघायचे म्हणून काकांच्या बायकोनं, काकूंनी, मलाही पिशवीत घातलं.

डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, १७० आला. मग वही उघडली. पानोपानी १३८, १३६, १३४. "काही जणांचा दाब दवाखान्यात आल्यावरच चढतो," त्या म्हणाल्या. "घरचे आकडे छान आहेत. गोळी अर्धी करून बघूया का?"

काका असे हसले, जणू लॉटरीच लागली. माझा जीव मात्र टांगणीला लागला. ओरडावं तर मला फक्त 'पीं' करता येतं.

बाईंनी माझा पट्टा काकांच्या दंडाला बांधला. मी १६९ दाखवले. "मशीन तर बरोबर आहे," असं पुटपुटत त्यांनी माझं एक बटण दाबलं. घरात कुणाला ठाऊक नव्हतं, पण शेवटचे साठ आकडे मला वेळेसकट आठवतात. मी भडाभडा सगळे ओकून टाकले.

"काका, एका सकाळी सात वेळा?"

"यंत्र तापेपर्यंत..." काका घुटमळले.

"पहिला आकडा थोडा चढा येतो, खरंय. म्हणून दोन-तीनदा मोजून सरासरी काढायची. आवडेल तो आकडा निवडायचा नाही."

काकांची मान खाली गेली. "दादानं गोळी सुरू केली आणि वर्षाच्या आत त्याचा उजवा हात लुळा पडला. माझं तर सगळं या हातावर आहे. भीती वाटते हो मला गोळीची."

काकू हळूच म्हणाल्या, "भाऊजींचा हात गोळीनं नाही गेला. बरं वाटतंय म्हणून त्यांनी तिसऱ्या महिन्यात गोळी सोडली होती. जाऊबाईंनी सांगितलंय मला. तुम्ही घरात तो विषयच काढू देत नव्हता."

काका बराच वेळ उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिले. मला त्यांची फार दया आली.

गोळी अर्धी झाली नाही, उलट दुसरी एक जोडीला आली. रक्त-लघवी तपासली. मूत्रपिंडांवर ताण यायला नुकती सुरुवात झाली होती. "वेळेत कळलं," बाई म्हणाल्या. दाबाचं दुखणं असंच, आत नुकसान करत राहतं आणि बाहेर काही दुखत-खुपत नाही.

आता माझा पट्टा नीट चिकटत नाही, काका तो बोटानं दाबून धरतात. माझे फार दिवस राहिलेत असं वाटत नाही. जाण्याआधी हात जोडून एवढंच सांगतो: माझ्यावर चिडा, मला हवी ती नावं ठेवा, पण आकडा आहे तसा लिहा.

आज सकाळी १५२ आला. खरं तर हल्ली १३०च्या आसपास असतो. काकांनी भुवया उंचावल्या, पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "अगं, आज एकशे बावन्न आहे. मला जरा भीती वाटतेय."

काकू हात पुसत बाहेर आल्या, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "लिहा. मी आहे इथंच."