उचललेलं पाऊल

सून काय काम करते, असं कोणी विचारलं की सासूबाई विषय बदलायच्या. एवढी शिकलेली सून संग्रहालयाच्या तळघरात बसून सुईने दगड खरवडते, हे चारचौघांत सांगायचं कसं? जाऊबाई तर मुद्दाम खोदून खोदून विचारायच्या. शेवटी सूनच म्हणाली, आई, एकदा येऊन तर बघा.

म्हणून त्या आल्या. टेबलावर दगडात रुतलेला, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा मासा होता, डोक्यापासून छातीपर्यंत हाडांचं चिलखत चढवलेला. सुनेने समजावलं, की त्याच्याही आधीच्या माशांना जबडाच नव्हता, बापडे चिखल चोखून पोट भरायचे. याच्या गालाच्या कडेला मात्र नखाएवढं एक हाड होतं. ते गालाला सांधलेलं निघालं, तर आपल्या जबड्याचं मूळ या माशात सापडलं म्हणायचं. नाहीतर तो कुठून तरी वाहत आलेला तुकडा, आणि सुनेची इतकी वर्षं पाण्यात.

"म्हणजे हा आपला खापरपणजोबा की काय?" सासूबाईंनी कवळी सावरत विचारलं आणि जवळून बघायला पाऊल उचललं. तिथेच माशी शिंकली. सुनेच्या सुईखालून ते हाड टणकन उडालं.

"कोणी पाय टेकवू नका," सून म्हणाली.

काही खाली पडलं की तळघराचा तो नियमच होता. ती आणि शेजारच्या टेबलावरचा तिचा सहकारी गुडघ्यांवर बसून, बॅटरी धरून फरशी तपासू लागले. सासूबाई टेबलाची कड धरून एका पायावर उभ्या. गुडघा बोंबलत होता, पण सुनेचा पांढराफटक चेहरा पाहून त्यांच्या पोटात तुटलं. जीव गेला तरी पाय टेकवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

हाड सापडलं ते त्यांच्या अधांतरी चपलेच्या बरोबर खाली.

सुनेने ते भिंगाखाली धरलं. ते उडालं होतं ते सांध्यावरूनच. हाडाची करवती कड आता उघडी पडली होती आणि माशाच्या गालावरही तशीच कड होती. दोन्ही एकमेकींत चपखल बसल्या, म्हणजे हाड त्या गालाचंच होतं. सून खुर्चीत बसून रडायला लागली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला.

मग त्यांनी फोन काढला.

"जाऊबाई, आमची सून काय करते, विचारत होतात ना? हातातलं काम बाजूला ठेवा. सांगायला वेळ लागेल."