हौदावरची काच

माणिकराव मंगरूळपीरच्या स्टँडवर उतरला आणि तिथून ऑटोत बसला. बहिणीच्या गावापर्यंत आठ किलोमीटर. तिनं सामान बांधलेलं नसावं, एवढंच तो वाटभर मनाशी घोकत होता.

सकाळीच सुकेशनीचा फोन आला होता. "दादा, मले घ्यायले ये. या बेवड्यासंग आता मी राह्यत नाई."

बेवडा म्हणजे तिचा नवरा, बाबूलाल. गेल्या पौर्णिमेला विहारात पंचशील चालू होतं. नेमकं पाचवं शील, दारूपासून दूर राहण्याचं, म्हणताना बाबूलालचा पाय डगमगला आणि तो मेणबत्त्यांच्या ताटावर कोसळला. शील म्हणायला सारं गाव उभं असताना झालं, लपवणार कुठं? विहार समितीचे अध्यक्ष मारोतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "बाबूलाल, यापुढं तू मांगंच बसत जाय." चार वर्षं गाव कुजबुजत होतं, ते त्या दिवशी उघड बोललं. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड नाही धरता येत.

खरं म्हणजे बाबूलालनं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारा माणूस होता माणिकराव, आणि तोच चार वर्षं मूग गिळून बसला होता.

बहिणीच्या लग्नानंतर त्यानंच बाबूलालला स्वतः कामाला होता त्या परराज्यातल्या रेयॉनच्या कारखान्यात लावलं होतं. तिथं लाकडाच्या लगद्याचा धागा करत. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, त्याला एक गॅस पाजायचा, मग त्याचा मधासारखा घट्ट रस होतो. तो रस केसाहून बारीक भोकांच्या टोपीतून ॲसिडच्या हौदात सोडला की त्यात उतरता उतरता धागा होऊन बाहेर येतो. रसाला पाजलेला गॅस त्याच हौदातून परत सुटतो. म्हणून हौदावर काच असते आणि ती खाली ठेवायची असते. धागा तुटला तरच वर करायची, टोक पकडून रुळावर चढवायचं, की लगेच खाली.

माणिकराव काच खाली करतच नसे. वर ठेवली की तुटलेलं टोक चटकन हाती लागतं, मशीन थांबत नाही. त्याचं मशीन सगळ्यांत कमी थांबायचं, त्यासाठी त्याला टाळ्या वाजवून प्रमाणपत्र मिळालं होतं. म्हातारा सुपरवायझर एकदा म्हणाला होता, "शीशा नीचे रख, पैर चले जाएँगे." माणिकराव हसला होता. पुढं तळव्यांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा हसू विरलं. त्यानं पॅकिंगला बदली मागून घेतली आणि स्वतःचं मशीन मेव्हण्याला दिलं. काच वर ठेवायची युक्तीसुद्धा दिली. मुंग्यांचं तेवढं सांगितलं नाही. आपण टाकून दिलेल्या मशीनवर कोण उभं राहील, ही भीती होती, आणि मेव्हण्याला नोकरीला लावल्याचा तोराही होता. दोन वर्षांनी माणिकराव आपल्या गावी, कारंज्याला परतला, पिठाची गिरणी टाकली. बाबूलाल त्या उघड्या काचेसमोर नऊ वर्षं उभा राहिला, आणि चार वर्षांपूर्वी गावी परतला तेव्हा त्याच्या हातापायांची जाण गेली होती; चालताना झोकांड्या जायच्या, गावाला ती दारू वाटली.

घरी पोचला तर सुकेशनीची पिशवी दारात तयार. बाबूलाल अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसलेला. बोटांना दोरी कळत नव्हती, म्हणून तो एक टोक दातात धरून गाठ मारत होता.

"चाल दादा," सुकेशनी म्हणाली. "कायले बसतं इथं?"

माणिकराव उभाच राहिला. पिशवी उचलली की सुटलो, हे त्याला कळत होतं. बहीण माहेरी येईल, मेव्हणा बेवडा ठरेल आणि त्याचं नाव कुणाच्या ओठावर यायचं नाही. त्याला स्वतःची शिसारी आली.

"सुके, हा पेत नाई," तो म्हणाला. "याचे पाय गॅसनं गेले. अन् गॅससमोर याले म्या उभं केलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. काच, मुंग्या, बदली, काही ठेवलं नाही. सांगताना तो बहिणीकडं पाहू शकला नाही.

 सुकेशनी नवऱ्याकडं वळली. "तुमाले हे ठाव व्हतं?"

बाबूलालनं दातातली दोरी काढली. "कारखान्याच्या डॉक्टरनं इचारलं व्हतं, काच वर ठेवत व्हता काय म्हून. तवाच समजलं."

"मंग बोलले काहून नाई? गाव बेवडा म्हने. मी बेवडा म्हनत व्हती."

"गॅस म्हनलं असतं तं तू इचारलं असतं, बाकीचे कामगार धड कसे, तुमाले काच वर ठेवाले कोन शिकवलं. मंग भाऊचं नाव घ्या लागलं असतं." तो हळूहळू बोलत होता. "तुले माय नाई, बाप नाई. माहेर म्हनाले हे एकलेच. तेबी गेले असते."

सुकेशनी पिशवीशेजारी खाली बसली आणि रडली. बाबूलालनं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताला तिची पाठ कळत होती की नाही, कोण जाणे. माणिकरावाला वाटलं, त्यापेक्षा यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रडून झाल्यावर ती उठली, पिशवी आत नेऊन ठेवली आणि दारात आली.

"दादा, येत्या पौर्णिमेले तू विहारात येजो," ती म्हणाली. "पंचशील झालं का साऱ्यापुढं उभा राह्यजो, अन् मले जे सांगतलं तेच सांगजो. मारोतरावाच्या तोंडावर सांगजो. तवरोक या दारात येऊ नको."

"सुकेशनी, पाहुना हाय," बाबूलाल म्हणाला. "पानी तं दे."

ती हलली नाही. माणिकराव "येतो पौर्णिमेले" म्हणाला आणि निघाला. आजवर तो बहिणीच्या घरून कधी पाणी न पिता निघाला नव्हता.