अंडाशय नसलेलं फूल

भोपळ्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात, हे ज्याला दिसत नाही त्यानं खुशाल परीक्षक व्हावं, असं केरबाचं त्या दिवसापासून ठाम मत झालं. नराचं फूल लांब, सडसडीत देठावर उभं असतं. मादीच्या फुलाखाली मात्र बोराएवढा भोपळा आधीच धरलेला असतो. वनस्पतिशास्त्राच्या लोकांनी त्या बोराला अंडाशय असं भारदस्त नाव ठेवलंय, आणि फुलझाडाचं कुळ ठरवताना त्यांची नजर आधी तिथंच जाते. अंडाशय पाकळ्यांच्या वर की खाली, आत कप्पे किती, बिया कुठं चिकटल्यात, वगैरे.

केरबाला हे सगळं तोंडपाठ होतं. औरंगाबादच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो बावीस वर्षं परिचर होता. शिक्षण चौथी, तेही निजामाच्या राज्यात, उर्दूत. पोलीस ॲक्शन झाली, शाळेतली भाषा बदलली आणि बापानं त्याला मेंढरांमागं लावलं. इंग्रजी चिठ्ठ्या त्याला वाचता येत नसत. पण फूल हातात दिलं की कुळ सांगायचा, आणि सहसा चुकत नसे.

परीक्षेची फुलं आणणं हे त्याचंच काम. आदल्या दिवशी विभागप्रमुख काकासाहेब त्याच्या कानात फुलाचं नाव सांगत, आणि ते नाव त्याच्या पोटातून कधी बाहेर पडलं नाही. पोरांनी चहा पाजून पाहिला होता, सिगारेटी देऊन पाहिल्या होत्या. एकोणऐंशीच्या मार्चात काकासाहेब म्हणाले, "भोपळा. वीस फुलं."

केरबाचं घर वाळूजला. तिथं तेव्हा कारखाने नव्हते, विहिरीवरचे मळे होते, आणि त्यातला एक त्याची बायको सुगंधाबाई वाट्यानं करत होती. पहाटे तो पिशवी घेऊन वेलात शिरला तेव्हा ती बांधावर येऊन उभी राहिली.

"नराची न्या," ती म्हणाली. "मादीच्या फुलाला हात लावायचा नाय. एक फूल खुडलं म्हंजी एक भोपळा गेला. वीस भोपळे काय तुमच्या साहेबाच्या घरून आणून देणार हाय का?"

केरबानं वाद घातला नाही, कारण ती बरोबर बोलत होती. धरलेलं फूल शहाणा माणूस खुडत नाही. शिवाय साहेबांनी फूल मागितलं होतं, आणि नराचं फूलही फूलच असतं. पोरं जे दिसेल ते लिहितील, असं त्याला वाटलं. त्याची चूक झाली ती इथं. बावीस वर्षं कॉलेजात काढूनही त्याला असं वाटलं.

आठ वाजता परीक्षा सुरू झाली. अठरा पोरं, अठरा टेबलं, प्रत्येकापुढं एक फूल. प्रश्न नेहमीचाच. फुलाचे भाग सोडवा, वर्णन करा, अंडाशयाचा आडवा काप घेऊन काचपट्टीवर ठेवा, आकृती काढा, कुळ ओळखा. पाच मिनिटांत सगळ्यांनी ओळखलं की हे काकडीचं कुळ. मग सगळे अंडाशय शोधू लागले, आणि ते काही सापडेना.

केरबा पाण्याची बाटली घेऊन टेबलांमधून फिरत होता. त्यानं डोळ्यांनी पाहिलं. एका पोरानं इकडंतिकडं बघितलं आणि ब्लेडनं सरळ देठ कापला. शेजाऱ्यानं ते पाहिलं आणि त्यानंही देठ कापला. अर्ध्या तासात सतरा काचपट्ट्यांवर देठाचे काप विराजमान झाले, मधे पोकळ, बीचा पत्ता नाही. शेजारच्या कागदावर मात्र पुस्तकातलं अंडाशय जसंच्या तसं. तीन भाग, ठिपक्यांसारख्या बिया, सुबक नावं. ज्या वस्तूचं टेबलावर नावनिशाण नव्हतं तिची सतरा चित्रं काढून झाली.

अठरावी सरू. गंगापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, बोलायला थोडी, पण हाताला स्थिर. तिच्या गावच्या शाळेनं विज्ञानाच्या बाईची जागा जूनपर्यंत तिच्यासाठी धरून ठेवली होती. पास झाली की नोकरी, नापास झाली की ती जागा दुसऱ्या कुणाची. तिनं फूल उलटंसुलटं पाहिलं, पाकळ्या बाजूला केल्या, एकमेकांना बिलगलेले पुंकेसर काढले, आणि तेवढेच काचपट्टीवर ठेवले. कागदावर लिहिलं की हे नर फूल आहे, यात अंडाशय नाही, त्यामुळे काप घेता आला नाही. कुळ बरोबर लिहिलं. केरबाला एवढा आनंद झाला की तो तिच्या बाटलीत दोनदा पाणी भरून गेला.

परीक्षक बाहेरगावचे. एकची बस होती, म्हणून दहापासूनच घड्याळ बघत होते. टेबलामागून टेबल ते चालत गेले, कागदावरची आकृती पाहिली, खूण केली, पुढं. प्रत्येक टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, त्याच्याखाली काचपट्टी होती, पण वाकून बघायला त्यांच्या कमरेला वेळ नव्हता. सरूपाशी थांबले.

"अंडाशय कुठाय?"

"सर, हे नर फूल आहे. याला नसतं."

"बाकी सगळ्यांना दिसलं, तुम्हालाच दिसलं नाही?"

"नाहीये, सर."

"पुस्तक उघडा जरा कधीतरी," परीक्षक म्हणाले, आणि वीस गुणांच्या प्रश्नावर त्यांनी शून्य लिहिलं. उरलेल्या गुणांत ती पास होत नव्हती. सरूनं कागदाकडं पाहिलं, मग केरबाकडं.

परीक्षा संपली. पोरं गेली, आणि काचपट्ट्या धुवायला म्हणून केरबापुढं आल्या. त्यानं नळ उघडला, पहिली पट्टी हातात घेतली आणि नळ बंद केला. सतरा पट्ट्या ट्रेमध्ये मांडल्या आणि ट्रे घेऊन तो काकासाहेबांच्या खोलीत गेला. परीक्षक तिथं चिवडा खात बसले होते.

"हे धुवून टाकू का, साहेब?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस?" काकासाहेब म्हणाले.

"ह्यात अंडाशय नाय. सतराच्या सतरा पट्ट्यांवर देठ हाय. साहेबांनी त्यावर अठरा-अठरा मार्क दिलेत. जिनं नाय म्हणून लिवलं, तिला भोपळा दिला. मी धुतलं की झालं, कुणाला कळायचं नाय. म्हणून इचारतो."

परीक्षकांच्या हातातला चिवडा हातातच राहिला. काकासाहेबांनी एक पट्टी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. खरं तर त्यांना धरायची गरज नव्हती. सकाळी वर्गात शिरल्याबरोबर त्यांना कळलं होतं, हे केरबाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. परीक्षकाला निदान घाई होती. ह्यांना माहीत होतं आणि हे गप्प बसले. केरबाला खरा संताप आला तो त्यांचा. बावीस वर्षं ज्या माणसाचा डबा त्यानं इमानानं गरम केला, त्याच्यासमोर उभं राहायचीही त्याला लाज वाटली.

"सतरा जणांचे निकाल बदलायचे म्हणजे विद्यापीठापर्यंत जाईल," परीक्षक पुटपुटले.

"जाऊ द्या की," केरबा म्हणाला.

काकासाहेबांनी चष्मा काढला, पुसला. "केरबा, एक वाट आहे. परिचरानं चुकीचं साहित्य पुरवलं, असं तू लिहून दे. मग त्या प्रश्नात सरूला पास होण्यापुरते गुण देता येतील. बाकीच्यांचं आहे तसं राहू दे. तुला एक ताकीद मिळेल, तेवढंच."

"फूल चुकीचं नव्हतं, साहेब."

"मला माहीत आहे."

ट्रे त्यांच्या टेबलावर आपटावा, काचा फुटाव्यात, असं केरबाच्या फार मनात आलं. पण गंगापूरकडची ती जागा जूनपर्यंतच होती.

"तुम्ही लिवा," तो म्हणाला. "दस्तखत मी करतो."

काकासाहेबांनी मराठीत चार ओळी लिहिल्या. केरबानं पेन घेतलं आणि कागदाच्या उजव्या कडेपासून उर्दूत लिहायला सुरुवात केली. हजेरीपटावरही तो उर्दूतच सही करायचा, त्यात नवल नव्हतं. काकासाहेब पुण्याकडून आलेले, परीक्षक त्याच्याही पलीकडचे, उर्दू दोघांनाही वाचता येत नसे. पण केरबाची सही काही संपेना.

"एवढी मोठी?" काकासाहेब म्हणाले.

"पुरं नाव लिवतोय, साहेब. बापाचं, गावाचं. ताकीद चुकून दुसऱ्याला जायला नको."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, सरूच्या शून्यावर काट मारून आठ केले आणि सही ठोकली. कागद ऑफिसात द्यायला केरबा स्वतःच गेला.

हेडक्लार्क रामकिसन निजामाच्या तहसिलीत कारकुनी केलेला माणूस. त्यानं वरचं मराठी वाचलं. मग चष्मा कपाळावर ढकलून तो खालचं वाचू लागला, उजवीकडून डावीकडं, ओठ हलवत. खाली लिहिलं होतं की फूल नराचं होतं आणि बरोबर होतं. त्याला अंडाशय नव्हतं, हे एकट्या सरूनं खरं लिहिलं. बाकी सतरा जणांनी देठ कापला, आणि परीक्षकानं एकदाही वाकून पाहिलं नाही. वरचा मजकूर पोरीच्या नोकरीपायी कबूल केला, केरबा, मुक्काम वाळूज.

रामकिसननं एकदा दाराकडं पाहिलं. मग आवकचा शिक्का उचलला, कागदावर मारला, नंबर टाकला, तारीख टाकली, आणि कागद फायलीत लावून दोरी घट्ट बांधली.

"केरबा, मी पुढच्या साली रिटायर," तो हळूच म्हणाला. "मंग हे वाचणारं इथं कोण ऱ्हातंय?"

"कागद तर ऱ्हाईल," केरबा म्हणाला, पण त्याचं त्यालाच ते पटलं नाही.

तो परत आला तेव्हा सरू काकासाहेबांच्या दाराबाहेर व्हरांड्यात उभी होती, पिशवी छातीशी धरून.

"मामा, पास केलंय म्हणतात. का ते सांगत नाहीत."

"मी चुकीचं फूल आणलं म्हणून," केरबा म्हणाला. "तसं लिवून दिलंय."

तिचा चेहरा लाल झाला. सकाळपासून शून्य गिळून गप्प राहिलेली ती पोरगी.

"फूल चुकीचं नव्हतं, मामा," ती म्हणाली. तिनं ते इतक्या मोठ्यानं म्हटलं की शेजारच्या वर्गातली पोरं दाराशी आली. बस गाठायला बॅग उचलून आतून निघालेले परीक्षक उंबऱ्यातच थांबले, आणि त्यांच्या मागं काकासाहेब. तिनं दोघांकडं पाहिलं आणि तेच परत एकदा म्हटलं.

केरबानं तिला गप्प बसवलं नाही.