चौकडीची फुलं

“रस्त्यावर गुडघाभर पाणी आहे, असं सांगा त्याला,” कुंपणापाशी एटेल्का दबक्या आवाजात म्हणाली.

“वहिनी, तो जन्मभर टिसाकाठी राहिलाय. नदी कधी चढते ते मी त्याला सांगू?” शेजारचा झिगा हसला.

एटेल्काला हसू आलं नाही. तिच्या नवऱ्याला, गाश्पारला, शरदात अर्धांगाचा झटका आला. हिवाळा शहरातल्या इस्पितळात गेला. त्या काळात रानडुकरांनी त्यांचं नदीकाठचं कुरण उकरलं. एप्रिलमध्ये तिथे चौकडीची फुलं यायची: जांभळ्या घंटा, मान खाली घातलेल्या, पाकळ्यांवर सोंगट्यांच्या पटासारखे चौकोन. आसपासची ओली कुरणं नांगरून लोकांनी मका लावला. गाश्पारने नांगर घातला नाही. बी गळेपर्यंत तो गवतही कापायचा नाही. गाव हसायचं. इस्पितळात वाकड्या तोंडाने तो एकच विचारायचा, “कुरण?”

“आहे तसंच,” ती म्हणायची. डुकरांचं कानावर आल्यापासून तिकडे पाऊल टाकायचा तिला धीर झाला नव्हता. आता तो घरी परतला होता आणि कुरण बघायचंच म्हणत होता.

ती घराकडे वळली, तर गाश्पार काठी टेकत फाटकात उभा.

“येतेस, की एकटा जाऊ?”

“पडशील!”

“मग उचल. भांडायला ताकद असतेच की तुला.”

तिने त्याच्या काखेत हात घातला. शेवटच्या वाळुंजाच्या झाडापाशी मात्र तिचे पाय थबकले.

“डुकरांनी सगळं उकरलंय रे. मी खोटं बोलले तुझ्याशी.”

तो चालत राहिला.

कुरणात उलटी ढेकळं पडली होती, खड्ड्यांत पाणी साचलं होतं. एटेल्काने मान खाली घातली. गाश्पारची काठी हवेत उठली.

“तिकडे बघ.”

दोन ढेकळांच्या मधून एक घंटा लोंबत होती. तिच्यामागे आणखी तीन. आणि चराच्या कडेने, जिथे डुकरं पोचलीच नव्हती, तिथे वाऱ्यावर जांभळा पट्टाच्या पट्टा डुलत होता. एटेल्का चिखलातच बसली. हसू येत होतं आणि रडूही.

“अगं ऊठ, झगा भिजेल.”

“भिजू दे!”

“मेल्यांनी निम्मं खाल्लं,” तो म्हणाला, “निम्मं ठेवलं. माणसांपेक्षा बरी.”

पायाशी त्या फुलांचा एक कंद उघडा पडला होता. गाश्पारला वाकता येईना. त्याने काठीच्या टोकाने तो हळूच तिच्याकडे ढकलला. तिने तो मातीत बसवला, वरून अंगठ्याने दाबलं. तोवर त्याने दुसरा ढकलला होता.