चार महिने तबेल्याला

मी दरवाजा बोलतोय. रागाने बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो.

जिपार परीक्षेत उत्तीर्ण कशी झाली, हे गावाने तिच्या बापाला विचारलं, वर्गशिक्षकांना विचारलं, सरोवराकाठी मासे विकणाऱ्यालाही विचारलं. मला कोणी विचारलं नाही. खरं तर सगळा प्रकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला मी एकटाच. तेव्हा आता ऐका. आणि ऐकताना हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा.

माझा जन्म दरवाजा म्हणून झालेला नाही. मी शाळेचा फळा होतो. वरच्या खोऱ्यातल्या झाडाच्या जाड फळ्या, त्यावर काळपट हिरवा रंग. एकतीस वर्षं मी वर्गात उभा होतो. मुलं कशी शिकतात, यावर मला कोणी अक्कल शिकवू नये. पुढे शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मला मागच्या अंगणात पावसात फेकलं. शाळेचा सुतार मामिरकान म्हातारा मला पाठीवर घालून घरी घेऊन आला. त्याने माझ्या कडा तासल्या, तीन बिजागऱ्या ठोकल्या आणि नातीच्या खोलीला मला बसवलं. हिरवी बाजू आत. कडीही आतूनच.

"कडी आतून कशाला?" सुनेने, म्हणजे बुरुलने विचारलं.

"आत राहणार तिच्या हाती असू दे की," म्हातारा म्हणाला. "बाहेरच्याला ठोठावायला हात दिलेत देवाने."

जिपार तेव्हा सात वर्षांची होती. चार माणसांत बोलायला लागली की तिची जीभ अडखळायची. शब्दाचं पहिलं अक्षर दाताशी अडकून बसायचं. वर्गात मुलं हसायची, म्हणून तिने वर्गात बोलणंच सोडलं. पण घरी आली, कडी लावली, खडू हातात घेतला की तीच पोर माझ्यासमोर उभी राहून अख्खा धडा घडाघडा शिकवायची. "हं, मागच्या बाकावरच्यांनो, इकडे लक्ष द्या. हा कोन किती अंशांचा?" मागचा बाक म्हणजे तिची खाट. त्यावर दोन उशा बसलेल्या. जिपार ऐकून किंवा वाचून शिकत नव्हती, ती शिकवून शिकत होती. आणि तिला शिकवता येत होतं ते फक्त बंद दारामागे. एवढं साधं गणित. घरातल्या कोणालाही ते सुटलं नाही, कारण कोणी मांडलंच नाही.

म्हातारा गेला तेव्हा जिपार नववीत होती. त्यानंतर घरात ठोठावणारं कोणी राहिलं नाही.

आता बापाबद्दल. तुरात. शर्यतीचे घोडे तयार करण्यात त्याचा हात धरणारा आमच्या किनाऱ्यावर कोणी नाही. घोड्याला किती पळवायचं, घाम कुठे आला की थांबवायचं, मग डोकं वर बांधून किती वेळ उपाशी उभं करायचं, हे त्याला कळतं. घोड्याच्या कुशीला कान लावून तो सांगतो, की हा उद्या पळेल किंवा पळणार नाही. सांगतो ते खरं होतं. माझी तक्रार त्याच्या विद्येबद्दल नाही.

जिपार अकरावीत गेली. शाळेचं शेवटचं वर्ष. मे महिन्यात मोठी चाचणी, आणि त्यात वरचे गुण पडले तर बिश्केकला सरकारी जागा. तिला गणिताची शिक्षिका व्हायचं होतं. हो, जिला बोलता येत नाही तिला. ही गोष्ट तिने फक्त मला आणि उशांना सांगितली होती. जागा मिळाली नाही, तर तालुक्याच्या गावी आत्याच्या शिवणाच्या दुकानात बसायचं ठरलेलं होतं.

सप्टेंबरात शाळेत पालकांची सभा झाली. तिथून तुरात परत आला तो छाती काढून.

"पालकांनी मदत करायची, म्हणाले. घ्या! चाळीस घोडे तयार केलेत मी. एक पोरगी तयार होत नाही होय?"

"जिपारचे आके, ती घोडा नाही हो," बुरुल म्हणाली. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. पोरं बापाला 'आके' म्हणतात आणि बायको त्यालाच पोराचं नाव जोडते.

"म्हणून तर जास्त मेहनत घ्यायची. घोड्याला निदान स्वतःला अक्कल असते."

सुरू झालं. पहाटे उठवणं. अभ्यासाआधी पोट हलकं हवं म्हणून पाव बंद. मैत्रिणी बंद, का तर कळपात सोडलेला घोडा गवतावर फुगतो. रविवारी आजोळी जाणं बंद. पोरीने ते सोसलं. तोवर मी होतो. दुपारी कडी लागायची आणि दोन तास आमचा वर्ग भरायचा.

बारा फेब्रुवारीला तुरात बाहेर उभा होता. आतून आवाज येत होता. त्याने ठोठावलं नाही, माझ्यावर खांदा मारला.

"कोणाशी बोलतेस? फोन आण इकडे!"

जिपारने कडी काढली. हातात खडू. "आ... आके, मी..."

"कोणाशी बोलत होतीस?"

"क... को..."

उत्तर तोंडात होतं. त्याला तेवढा वेळ नव्हता. माझी हिरवी बाजू त्याच्या नाकासमोर होती, त्यावर अर्धं सोडवलेलं उदाहरण होतं. घोड्याच्या कातडीवरचा एकेक केस वाचणाऱ्या माणसाने ते पाहिलं आणि त्याला रेघोट्या दिसल्या. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. बारा स्क्रू. मी निखळलो.

"आता बसेल नजरेसमोर," तो म्हणाला.

यापुढचं नीट ऐका. त्याने मला सरपणात टाकलं असतं तरी मी एवढा चिडलो नसतो. त्याने मला तबेल्याला बसवलं.

जूनच्या शर्यतीसाठी तोरू नावाचा घोडा तयार होत होता. तबेल्याला जुनं गोणपाट होतं आणि ये-जा करणारे आत डोकावायचे. शर्यतीच्या घोड्यावर परकी नजर पडू देत नाहीत, नाहीतर त्याचे पाय जड होतात. हा नियम तुरात जिवापाड पाळतो. घोड्याला आडोसा हवा म्हणून पोरीच्या खोलीचं दार. एका हाताने काढलं, दुसऱ्या हाताने लावलं, आणि दोन्ही हात एकाच माणसाचे असून त्याला कुठे काही खटकलं नाही.

तबेला घराच्या समोर. अंगणाच्या पलीकडचं सगळं मला दिसायचं, आणि शेजारच्या साइरा एजेचा (एजे म्हणजे थोरली ताई) आवाज तर तीन अंगणं ओलांडून यायचा. बैठकीच्या खोलीत पाहुण्याची मानाची जागा होती, बरोबर जिपारच्या उघड्या चौकटीसमोर. साइरा एजे तिथे मांडी घालून चहा प्यायची आणि समालोचन करायची.

"पोरगी पान उलटत नाही गं बुरुल. मघापासून तेच पान."

"वाचतेय ती, एजे."

"वाचत असती तर ओठ हलले असते. माझ्या उलुकचे हलतात. पाठ सरळ कर गं बाळ! कुबड येईल, मग शिकलेली असूनही कोण सून करून घेणार?"

दूधवाली यायची, काका यायचे, कोणाची तरी सून यायची. सगळे वाकून बघायचे, सगळे आशीर्वाद द्यायचे. पोर भिंतीसारखी बसायची. ओठ मिटलेले. मार्चच्या सराव चाचणीत गुण खाली आले, एप्रिलच्या चाचणीत आणखी खाली. तुरातने उपाय काय केला? खाट खिडकीजवळून हलवून चौकटीजवळ आणली, म्हणजे स्वयंपाकघरातूनही दिसेल.

आणि संध्याकाळी तोरूच्या मानेवर हात फिरवत म्हणायचा, "दमलास? आज पुरे. तू सांग, मी थांबतो." मी दोन हातांच्या अंतरावर उभा. ऐकत होतो. बिजागरीला आवाज असतो, पण लोकांना वाटतं तिला तेल हवंय.

एप्रिलच्या शेवटी एके दुपारी तुरात घोड्याला फिरवायला डोंगराकडे गेला होता. जिपार पाण्याची बादली घेऊन आत आली. तिने मला पाहिलं. माझ्या हिरव्या बाजूवर बारा फेब्रुवारीचं उदाहरण अर्धंमुर्धं शिल्लक होतं. खालचा कोपरा घोड्याने अंग घासून पुसला होता. तिने बादली ठेवली. मला ओढून घेतलं. कडी लावली. मग खिशातून खडू काढला. चार महिने... नाही, खोटं कशाला सांगू, अडीच महिने तो तिने खिशात बाळगला होता.

"हं," ती हळूच म्हणाली, "मागच्या बाकावरच्यांनो."

मागच्या बाकाच्या जागी गव्हाण होती.

त्यानंतर रोज. घोडा डोंगरात, पोर तबेल्यात. चाचणीला अठरा दिवस उरले होते. घाणीच्या वासात उभी राहून तिने अख्ख्या वर्षाचं गणित मला शिकवलं. आवाज चढत गेला. एकदा तर एका काल्पनिक पोराला तिने बाकावर उभं केलं.

पाचव्या दिवशी घोड्याचा नाल ढिला झाला आणि तुरात लवकर परतला. घोडा घामाने निथळत होता, त्याला लगेच आत घेऊन झूल घालायला हवी होती. त्याने मला ओढलं. कडी आतून.

"कोण आहे आत?"

आतला आवाज तुटला.

"म... मी, आके."

"इथे काय करतेस?"

"अ... अभ्यास."

"घरात खोली नाही तुला?"

कडी निघाली. जिपार उंबऱ्यात उभी होती, कपाळाला खडू लागलेला. आणि तिने एका दमात, न अडखळता सांगितलं, "खोली तिथे आहे, आके. दार इथे आहे."

घोडा फुरफुरला. "बाजूला हो," तुरात म्हणाला, "जनावर गारठेल." त्याने झूल घोड्यावर टाकली. पोर पातळ झग्यात अंगण ओलांडून गेली, तिच्या अंगावर काही टाकावं असं त्याला सुचलं नाही.

बुरुल ओट्यावर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "घोड्याला नजर लागते," ती म्हणाली. "पोरीला नाही लागत का हो?"

त्याने झुलीचा पट्टा आवळला.

दुसऱ्या दिवसापासून बुरुल माझ्याबाहेर बादली पालथी घालून बसू लागली. मांडीवर लोकर, हातात चाती. आत काय चाललंय हे तिने एकदाही विचारलं नाही. किती झालं, किती राहिलं, जमेल का, काहीच नाही. कोणी फाटकाशी आलं की बसल्या जागेवरून सांगायची, "घरात कोणी नाही. उद्या या." साइरा एजे म्हणाली, "अगं पण तू तर दिसतेयस!" "मीही नाही," बुरुल म्हणाली. एकतीस वर्षं शाळेत उभा राहून मी पालकांच्या मदतीबद्दल पुष्कळ भाषणं ऐकली. त्या पालथ्या बादलीइतकं शहाणपण एकातही नव्हतं.

आणि तुरात? तो घोडा घेऊन अर्धा तास उशिरा यायला लागला. फाटकाबाहेर जर्दाळूच्या झाडाखाली घोड्याला गोल गोल फिरवत राहायचा, कडीचा आवाज येईपर्यंत. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि ते मी सांगतो. पण दार त्याने परत केलं नाही. शर्यत व्हायची होती ना.

चाचणी झाली. जूनमध्ये निकाल आला आणि जिपारला बिश्केकची जागा मिळाली. मेंढी कापली, अंगणात बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळून ढीग घातले, पन्नास माणसं जेवायला. शर्यत आठवड्यावर आली होती, म्हणून मी अजून तबेल्यालाच. तिथून मी ही मेजवानी पाहिली.

"तुरात बाइके, मानलं तुम्हाला!" एक जण आदराने म्हणाला. "घोडाही तुमचा आणि पोरगीही."

"गुपित काय ते सांगून टाक," साइरा एजे पुढे सरकली. "माझा उलुक या वर्षी अकरावीत जातोय."

तुरातने कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा उचलला. त्याची नजर एकदा तबेल्याकडे आली, माझ्यावर थांबली. मला वाटलं, आता सांगेल. देवाशपथ वाटलं.

"दार काढलं," तो म्हणाला. "फेब्रुवारीत. नजरेसमोर ठेवली. बस."

वा वा झाली. एकाने शेजाऱ्याला कोपरखळी मारली, "ऐकलंस? फुकटचा उपाय." मग सगळ्यांनी जिपारला उभं केलं. बापाचे आभार मान म्हणाले. पन्नास जोडी डोळे. तिने माझ्याकडे बोट केलं.

"द... द... दा..."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गहिवरली गं बाई," साइरा एजे म्हणाली. "असू दे, बस बाळ. आम्हाला समजलं."

नाही समजलं! अर्धं अक्षर राहिलं होतं. सगळे एक श्वासभर थांबले असते तर पूर्ण झालं असतं.

बुरुल उठली. सणाचा मखमली झगा, पांढरा रुमाल. पेटीतून स्क्रूड्रायव्हर घेऊन ती तबेल्याकडे आली. पहिला स्क्रू, दुसरा. तिसऱ्या बिजागरीला तोरूचं डोकं बाहेर आलं आणि पन्नास माणसं त्याच्याकडे बघू लागली.

"बुरुल!" तुरात ताडकन उठला. "घोडा! लोक बघतायत!"

"बघू देत," ती म्हणाली. "चार महिने पोरीला बघत बसलात. आज त्याला बघा."

मामिरकानने घातलं होतं तसं तिने मला पाठीवर घातलं आणि ताटांच्या रांगांमधून घरात नेलं. माझी हिरवी बाजू वर होती. तिच्यावर काठोकाठ खडू. ज्यांना डोळे होते त्यांनी वाचलं. तिने मला चौकटीला टेकवून उभं केलं. जिपार आत गेली आणि मला आतून धरून उभी राहिली. बिजागऱ्यांशिवाय, दोन्ही हातांनी, शेवटचा पाहुणा जाईपर्यंत.

आता मी परत माझ्या जागी आहे. तीन महिने झाले. जिपार बिश्केकला आहे. तोरू शर्यतीत चौथा आला. परकी नजर लागली, असं तुरात सांगतो. खोली रिकामी आहे, तरी परवा त्याने आत येण्याआधी मला दोन बोटांनी ठोठावलं. आत कोणी नसताना. उशिरा आलेली अक्कल अशीच रिकाम्या खोलीला उपयोगी पडते.

आणि साइरा एजेने उलुकचं दार काढलंय. सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी. ते तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आडवं पडलंय, मला खिडकीतून दिसतं. उघड्या चौकटीत पोरगा पाठ सरळ करून बसलेला असतो. त्याचे ओठ आता हलत नाहीत.

एजे, तुमचा आवाज तीन अंगणं ओलांडून येतो, मग माझाही एकदा ऐका. ते दार उचला. कोंबड्यांना नजर लागत नाही.